पायी चढलेला हिमालय

मागच्या दिवाळीनंतरची गोष्ट. मंदिरातून निघताना वहिनीने मला पायरीवरच गाठलं. "ताई, तुम्हीच समजवा पोरीला. डिसेंबरात केदारकंठा चढायला जाते म्हणून राहिली. बर्फात! तुमचं ऐकते ती."

भाचीला संध्याकाळी घरी बोलावलं. "जाऊ नको" म्हटलं नाही. तिला दोन जुन्या गोष्टी सांगितल्या. त्याच तुम्हालाही सांगते.

पहिली गोष्ट फौजेची. 1962 च्या चीन युद्धात मैदानातले जवान घाईघाईने उंच सीमेवर पोहोचवले गेले. गोळी न लागताही कित्येकजण आजारी पडले. डोकं ठणकणं, उलट्या, धाप, काहींच्या फुप्फुसात पाणी. लष्करी डॉक्टर इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 11,000 ते 18,000 फुटांवर आजारी पडलेल्या 1,925 जवानांचा अभ्यास केला. तो 1969 मध्ये छापून आला आणि जगभरच्या डॉक्टरांनी वाचला. विरळ हवेची सवय व्हायला शरीराला काही दिवस लागतात. ते दिवस दिले नाहीत, तर धडधाकट तरुणसुद्धा कोसळतो.

दुसरी गोष्ट त्याच्या पुढच्याच वर्षाची. बेळगाव जिल्ह्यातल्या शेडबाळचे सुरेंद्र उपाध्ये 1963 मध्ये दिल्लीत दीक्षा घेऊन मुनी विद्यानंद झाले. पुढे ते आचार्य म्हणून देशभर ओळखले गेले. 1970 मध्ये ते पायी विहार करत बद्रीनाथपर्यंत गेले. त्यांचा त्या वर्षीचा चातुर्मास श्रीनगर-गढवालला झाला. दिगंबर मुनी म्हणजे अंगावर वस्त्र नाही, पायात काही नाही, आहार-पाणी दिवसातून एकदाच. आपण हे ऐकून हात जोडतो, आणि जोडावेतच. पण त्या विहारातली एक साधी बाब आपल्या नजरेतून सुटते. ऋषिकेश आपल्या बालाघाटपेक्षा फारसं उंच नाही. तिथून बद्रीनाथ जवळजवळ तीनशे किलोमीटर, आणि उंची दहा हजार फुटांच्या वर. पायी जाणारा ही चढण दिवसेंदिवस, मुक्काम करत चढतो. चार हात जमीन पाहून पाऊल टाकायचं, ही ईर्यासमिती जिवांच्या रक्षेसाठी आहे. पण तिच्यामुळे चाल आपोआप धिमी होते, आणि शरीराला हवे असलेले दिवस मिळतात.

आणि आपण काय करतो? आमचा महिलांचा जत्था पहाटे ऋषिकेशहून गाडीत बसला आणि रात्री बद्रीनाथला उतरला. आमच्यातल्या एका काकूंचं डोकं वाटेतच दुखायला लागलं होतं. सगळ्यांची यात्रा खराब होईल म्हणून त्या बोलल्या नाहीत. रात्री उलट्या सुरू झाल्या, चालताना तोल जायला लागला. सकाळी त्यांना खाली जोशीमठला आणलं. चार हजार फूट उतरल्यावर दुपारी त्या स्वतः म्हणाल्या, "आता थोडं वरण-भात द्या."

थंडीत तर पहाडातले लोकच खाली येतात. बद्रीनाथचे पट बंद होतात, पूजा जोशीमठ-पांडुकेश्वरला जाते, माणा गावचे लोक गुरं-ढोरं घेऊन उतरतात. अशा दिवसांत आपण वर जायचं म्हटलं, तर तयारी दुप्पट हवी.

भाचीने वही काढली. केदारकंठा साडेबारा हजार फूट. मी म्हटलं, पायथ्याच्या सांकरीला एक दिवस जास्त राहा. कोरड्या थंडीत तहान कळत नाही, म्हणून दिवसभर कोमट पाणी पीत राहा. घामाने ओला झालेला कपडा लगेच बदल. आणि तुझा नियम काय, ते जाण्याआधीच ठरव. तिचा रात्रीभोजनाचा त्याग आहे, पाणी आणि औषधाची सूट आहे. डिसेंबरात तिकडे साडेपाचच्या आत सूर्य मावळतो, म्हणून जेवण पाचलाच द्यायला सांगायचं ठरलं. शिखराची चढाई रात्री तीनला उपाशीपोटी नाही, उजाडल्यावर खाऊन. लसणाचं सूप नको, मुगाचं चालेल. पिसांचं जाकीट नको, कृत्रिम तंतू भरलेलीही तितकीच मिळतात. वहिनी दारात उभी राहून ऐकत होती. "एवढं सगळं विचारायचं असतं होय?" एवढंच म्हणाली.

पोरगी गेली. शेवटच्या मुक्कामावर तिचं डोकं दुखायला लागलं. तिने लपवलं नाही, वाटाड्याला सांगितलं. सकाळी बाकीचे वर गेले, ही एका सोबत्याबरोबर खाली उतरली. घरी आली तेव्हा जरा उदास होती. "आत्या, शिखर राहिलं." मी म्हटलं, "शिखर कुठे जात नाही, बेटा. मे महिन्यात जा, बर्फ कमी असेल."

मैत्रिणींनो, तुमच्या लेकी-सुना निघाल्या तर अडवू नका. तुम्हीही जा. फक्त वाटेतले मुक्काम गाळू नका, आणि डोकं दुखलं तर लाजून गप्प बसू नका.