स्पार्क प्लग, टू-स्ट्रोक आउटबोर्ड मोटरचा

होडीच्या मागील फळीवर बसवलेल्या मोटरमध्ये इंधनमिश्रण पेटवणारा भाग. वैतरणा नदीच्या मुखाशी दक्षिणेस अर्नाळा, उत्तरेस दातिवरे. अशा खाडीमुखात भरती-ओहोटीच्या ओढीत मोटर बंद पडली तर होडी वाहवत जाते, म्हणून एवढ्याशा सुट्या भागाला इथे फार मोल आहे.

टू-स्ट्रोक इंजिनात प्लग दर फेऱ्याला ठिणगी टाकतो, फोर-स्ट्रोकमध्ये दर दोन फेऱ्यांना. शिवाय पेट्रोलसोबत ऑइलही जळते, त्यामुळे काजळी लवकर धरते. काढलेला प्लग इंजिनाची प्रकृती सांगतो. टोक फिकट तपकिरी असेल तर सारे ठीक. कोरडी काळी काजळी दिसल्यास पेट्रोल जास्त जात असते किंवा मोटर फार वेळ संथ चाललेली असते. ओलसर तेलकट थर ऑइलचे प्रमाण चुकल्याचे लक्षण. पांढरे, फोड आलेले टोक सर्वांत गंभीर. हवा जास्त, पेट्रोल कमी किंवा गाळाने थंड पाण्याची वाट तुंबलेली. अशा वेळी नुसता प्लग बदलून भागत नाही, पिस्टन जळू शकतो.

प्लग इंजिन थंड असतानाच काढावा. तारेच्या ब्रशने घासल्यास चिनीमातीवर धातूचे कण राहून ठिणगी भरकटते, तेव्हा जुना प्लग बदलणेच बरे. गॅप उत्पादकाच्या पुस्तिकेप्रमाणे फीलर गेजने तपासतात. नवा प्लग आधी हातानेच फिरवावा. ॲल्युमिनियमच्या हेडचे आटे सहज बिघडतात. खाऱ्या हवेत टोपी व वायर गंजतात, त्याही पुसून कोरड्या ठेवाव्या लागतात.