मकर राशीस मुष्टियोग

राशिभविष्यावर माझा विश्वास नाही. तरीसुद्धा रविवारी सकाळी चहाबरोबर ते मी वाचतो, कारण ते पेपरातच येतं आणि पेपरचे पैसे आपण भरलेले असतात. वाणिज्य शाखेच्या माणसाला पैसे दिलेली वस्तू न वापरता टाकवत नाही. ‘धनलाभ संभवतो, आवक वाढेल’ असं वाचून सोमवारी बँकेत जावं, तर आवक खरोखरच वाढलेली असते. फक्त ती काउंटरच्या पलीकडून येते आणि दुसऱ्याच्या खात्यात जाते.

तर विश्वास नाही. पण मध्यंतरी मुष्टियुद्धाचा इतिहास चाळताना एक गोष्ट नजरेस पडली आणि मी जरा हललो. (तुमचा आणि मुष्टियुद्धाचा संबंध काय, असं कुणी विचारील. त्यांनी पेन्शनच्या तारखेला आमच्या काउंटरवर यावं.) महंमद अलीचा जन्म 17 जानेवारी 1942 चा. त्याला पहिल्यांदा हरवणारा जो फ्रेझर 12 जानेवारी 1944 चा. फ्रेझरला दोन फेऱ्यांत सहा वेळा आडवा करणारा जॉर्ज फोरमन 10 जानेवारी 1949 चा. आणि या तिघांच्या आधीचा फ्लॉइड पॅटरसन 4 जानेवारी 1935 चा. इंग्रजी पद्धतीनं साधारण 22 डिसेंबरपासून 19 जानेवारीपर्यंतचा माणूस मकर राशीचा. म्हणजे चौघेही मकर, चौघेही हेवीवेटचे जगज्जेते. एवढ्यावर भागत नाही. चौघांनाही ऑलिंपिकचं सुवर्णपदक : पॅटरसनला 1952 साली हेलसिंकीत, अलीला 1960 साली रोममध्ये, फ्रेझरला 1964 साली टोकियोत, फोरमनला 1968 साली मेक्सिको सिटीत. जणू काही मकर राशीनं सुवर्णपदकांचं रिकरिंग खातं उघडलं होतं आणि त्यात 1956 चा एकच हप्ता चुकला.

बी.कॉम.ला संख्याशास्त्राचा पेपर होता, तो इथे कामी आला. राशी बारा. पहिल्या माणसाची रास कुठलीही असो, दुसऱ्याची तीच असण्याची शक्यता बारात एक, तिसऱ्याची धरून एकशे चव्वेचाळिसात एक, आणि चौथ्याची धरून एक हजार सातशे अठ्ठावीसात एक. हा आकडा मी आमच्या हेडकॅशियरना दाखवला. ते ज्योतिष जाणतात. कॅश जुळली नाही की आधी पंचांग बघतात आणि मग ड्रॉवर. त्यांनी आकड्याकडे न बघताच सांगितलं, ‘‘शनीची रास आहे हो. सोसण्याची ताकद देते.’’ आणि वर पुरवणी जोडली की हल्लीचा तो युक्रेनचा उसिक, ज्यानं 18 मे 2024 ला टायसन फ्यूरीला हरवून हेवीवेटचे सगळे किताब एका कमरेला बांधले, तोही 17 जानेवारीचाच, 1987 चा. अलीचीच तारीख! मी तपासलं. खरं निघालं. लंडनच्या 2012 च्या ऑलिंपिकचं सुवर्णपदकही त्याच्याकडे आहे.

आता खरी पंचाईत इथून पुढे आहे. आपल्याकडे रास सूर्यावरून धरत नाहीत, चंद्रावरून धरतात. आणि चंद्र सव्वादोन दिवसांत रास बदलतो. म्हणजे जन्मवेळ पाहिजे. बरं, चंद्र राहू द्या, सूर्यच घ्यायचा म्हटला, तर आपल्या पंचांगात सूर्य मकरेत शिरतो तो संक्रांतीला, 14 जानेवारीच्या आसपास. त्या हिशेबानं 17 तारखेचा अली तेवढा मकरेत राहतो, आणि 4, 10 व 12 तारखेचे तिघे घसरतात धनु राशीत, ऐन धुंधुरमासात. साहेबाच्या पंचांगात भाऊ-भाऊ असलेले चौघे आपल्या पंचांगात तीन विरुद्ध एक असे उभे राहतात. हेडकॅशियर म्हणाले, ‘‘मग तर बरोबरच आहे. तिघांशीही त्याचं भांडण झालं ना?’’ ज्योतिषाची हीच गंमत आहे. बॅलन्स शीट कशीही मांडा, जुळतेच.

विरुद्ध पुरावाही सांगायला हवा. एकोणपन्नास लढती लढून एकही न हरता निवृत्त झालेला रॉकी मार्सियानो 1 सप्टेंबर 1923 चा, म्हणजे इंग्रजी पद्धतीनं कन्या राशीचा. हे त्याच्या तोंडावर सांगायची छाती कुणाची झाली असती कोण जाणे. जॅक डेम्प्सी आणि माइक टायसन दोघेही जूनअखेरचे, कर्क राशीचे. आमच्या पेपरात या राशीला ‘हळवी’ म्हणतात. जो लुई मे महिन्यातला, वृषभ. म्हणजे शोधत बसलं तर प्रत्येक राशीला आपापला पैलवान सापडेल. मकरेला चार एकदम सापडले एवढंच.

आणि ज्याला रासच नाही, त्याचं काय? सनी लिस्टन हा 1962 साली पॅटरसनला पहिल्याच फेरीत झोपवून जगज्जेता झाला. (पॅटरसन इतका लाजाळू, की तो खोटी दाढी लावून तिथून निसटला.) आर्कान्सामधल्या शेतमजुराचा हा मुलगा, घरात पंचवीसच्या घरात भावंडं, आणि जन्माची नोंद कुठेच नाही. कागदोपत्री तारीख लागली, पण खरी कुणालाच माहीत नव्हती. मेला त्याचीही तीच कथा. 5 जानेवारी 1971 ला बायको घरी परतली तेव्हा तो मरून काही दिवस झाले होते. अंदाजानं 30 डिसेंबर लिहिलं. आपल्याकडे असता तर मास्तरांनी त्याला 1 जून दिला असता. आमच्याकडे खातं उघडायच्या फॉर्मवर 1 जून ही तारीख इतक्या वेळा येते, की निम्म्या महाराष्ट्राच्या आया एकाच दिवशी बाळंत झाल्या असाव्यात असं वाटावं. शाळेत नाव घालताना मास्तरांनी बोटं मोजून ठोकलेली ती तारीख. तिच्यावर नोकरी लागते, पेन्शन बसते, आणि राशिभविष्यही तिच्यावरच वाचलं जातं. अख्खी पिढी मिथुन राशीची! लिस्टनला मास्तरही भेटले नाहीत. तो शाळेत गेलाच नाही म्हणा ना, लिहिता-वाचता येत नव्हतं. ठोसा मारायला शिकला तो तुरुंगात.

खरं सांगायचं तर या लोकांच्या कुंडल्या आकाशात नव्हत्याच, खाली जमिनीवर होत्या. अलीचं घ्या. तेव्हा तो कॅशियस क्ले. 1954 साली लुइव्हिलमध्ये त्याची नवीकोरी लाल सायकल चोरीला गेली. बारा वर्षांचं पोर रडतओरडत तक्रार करायला गेलं, चोराला बडवीन म्हणालं. ज्या पोलिसाकडे गेलं तो जो मार्टिन मोकळ्या वेळात मुलांना बॉक्सिंग शिकवायचा. तो म्हणाला, बडवायचं तर आधी शिकून घे. सायकल मिळाली नाही ती नाहीच.

फ्रेझरचा ग्रह तर चक्क डुक्कर होता. साउथ कॅरोलिनातल्या ब्यूफर्टजवळ बापाची शेती. एका दांडग्या डुकराची खोडी काढली, ते मागे लागलं, पोरगं पडलं आणि डावा हात मोडला. डॉक्टरला द्यायला पैसे नाहीत. हात वाकडा बसला तो कायमचा. पुन्हा पुरता सरळ झाला नाही. पण बाजूनं वळवून मारायच्या ठोशाला, हुकला, तेवढाच वाक लागतो! पुढे हा फिलाडेल्फियात कत्तलखान्यात कामाला होता आणि लटकवलेल्या मांसावर ठोसे मारून सराव करायचा. ‘रॉकी’ सिनेमात ते आलं. पैसे सिनेमावाल्यांना मिळाले.

1967 साली अलीनं व्हिएतनामच्या लढाईसाठी सैन्यात भरती व्हायला नकार दिला. किताब गेला, परवाना गेला, साडेतीन वर्षं ऐन उमेदीची वाया गेली. त्या काळात फ्रेझरनं त्याच्यासाठी शब्द टाकला, परवाना मिळावा म्हणून खटपट केली, हातउसने पैसेही दिले. 8 मार्च 1971 ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये दोघे समोरासमोर आले तेव्हा दोघेही अजिंक्य होते आणि प्रत्येकाला पंचवीस लाख डॉलर ठरलेले होते. पंधराव्या फेरीत त्या वाकड्या डाव्या हातानं अलीला पाठीवर पाडलं. फ्रेझर जिंकला.

पण अलीचं तोंड! संक्रांतीनंतर तिसऱ्या दिवशी जन्मलेला माणूस. पण तिळगुळाची आणि त्याची गाठ पडली नसावी. त्यानं फ्रेझरला कुरूप म्हटलं, अडाणी म्हटलं, गोऱ्यांचा बगलबच्चा म्हटलं, आणि मनिलाच्या लढतीआधी गोरिला म्हटलं. रबरी गोरिला खिशातून काढून पत्रकारांसमोर बुकलायचा. लोक हसले. तिकिटं खपली. फ्रेझरची मुलं शाळेत जात होती, त्यांनाही ते ऐकावं लागलं. मला अली फार आवडतो. पण हे वाचताना हसू येत नाही.

मधल्या काळात फोरमननं जानेवारी 1973 मध्ये किंग्स्टनला फ्रेझरचा किताब काढून घेतला. चाळीस लढती, चाळीस विजय, त्यातले सदतीस नॉकआउट. त्याच्याशी अली 30 ऑक्टोबर 1974 ला झाईरमध्ये, किन्शासात लढला. अमेरिकेतल्या प्रेक्षकांच्या सोयीसाठी लढत पहाटे चारला लावलेली. धुंधुरमासाच्या जेवणाची वेळ! पंचवीस वर्षांचा फोरमन आणि बत्तीस वर्षांचा अली. अली दोरांना टेकून उभा राहिला आणि मार खात राहिला. पगाराच्या दिवशी आम्ही काउंटरवर नेमकं हेच करतो; समोरचा दमेपर्यंत टेकून उभं राहायचं. फरक इतकाच, की आठव्या फेरीत अलीला उलट मारायची परवानगी होती. फोरमन पडला.

मग 1 ऑक्टोबर 1975, मनिला. सकाळची वेळ, छताखाली भट्टीसारखा उकाडा, चौदा फेऱ्या. फ्रेझरचे डोळे मिटत आलेले. पंधरावीला उठायचं तो म्हणत होता. त्याचा प्रशिक्षक एडी फच यानं त्याला उठू दिलं नाही. पलीकडे अली जिंकला म्हणून उभा राहिला आणि खाली कोसळला. त्या सकाळची बाकी दोघांच्याही शरीरानं पुढे आयुष्यभर फेडली. 1984 साली अलीला कंपवाताचं निदान झालं, आणि ज्या तोंडानं एवढा गोंधळ घातला ते हळूहळू मुकं झालं.

फोरमनचं मात्र भलतंच झालं. 1977 साली लढणं सोडून तो पाद्री झाला, दहा वर्षांनी परत आला, आणि 5 नोव्हेंबर 1994 ला, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, झाईरमधलीच लाल चड्डी घालून मायकेल मूररला पाडून पुन्हा जगज्जेता झाला. माझ्या वयाच्या माणसानं हे वाक्य दोनदा वाचावं. पुढे त्याच्या नावाची मांस भाजायची शेगडी निघाली, ती दहा कोटींवर खपली, आणि 1999 साली नाव वापरायच्या हक्काचे त्याला तेरा कोटींहून जास्त डॉलर मिळाले. पाच मुलगे, पाचही जणांचं नाव जॉर्ज एडवर्ड फोरमन. वर बापही तोच. या कुटुंबाची सहा बचत खाती ज्या कारकुनाकडे असतील त्याची रास कुठलीही असो, त्याला साडेसाती आहे.

2001 साली अलीनं न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्रात फ्रेझरची माफी मागितली. तिकिटं खपावीत म्हणून बोललो, बोलायला नको होतं, अशा अर्थाचं काहीसं. फ्रेझरचं म्हणणं पडलं की माफी पेपरकडे मागितली, माझ्याकडे नाही. बँकेच्या भाषेत ती जाहीर नोटीस झाली. खातेदाराला समक्ष कळवलेलं नव्हतं.

7 नोव्हेंबर 2011 ला यकृताच्या कर्करोगानं फ्रेझर गेला. फिलाडेल्फियातल्या चर्चमध्ये शेवटची प्रार्थना झाली, तिथे अली आला होता. काळा चष्मा, थरथरते हात, सोबतीला माणसं. जो फ्रेझरसाठी सर्वांनी उभं राहावं असं सांगण्यात आलं तेव्हा त्याला धरून उठवावं लागलं. मग तो उभ्यानं टाळ्या वाजवत राहिला.