'माहितीपट' नावाची पळवाट

ही एका थापेची गोष्ट आहे. पण थाप मारणाऱ्यांपेक्षा ती मिटक्या मारत ऐकणाऱ्यांची जास्त.

१९३० साली अमेरिकेत 'इंगागी' नावाचा चित्रपट आला. जाहिरात अशी, की सर ह्युबर्ट विन्स्टेड नावाचे इंग्रज साहेब कॅमेरा घेऊन काँगोच्या जंगलात गेले आणि तिथल्या एका जमातीत गोरिलाला बायका अर्पण करतात हे त्यांनी प्रत्यक्ष टिपलं. पब्लिक तुटून पडलं.

मग एकेक धागा उसवत गेला. विन्स्टेड नावाचा माणूसच नव्हता! बरीच दृश्यं १९१५ च्या एका जुन्या फिल्ममधून उचललेली. 'जंगली' बायका लॉस एंजेलिसच्या. गोरिलाच्या कातड्यात चार्ल्स जेमोरा नावाचा फिलिपिनो कलाकार. आणि 'नवीन सापडलेला विषारी प्राणी' म्हणजे पंख आणि खवले चिकटवलेलं कासव :) शेवटी १९३३ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने या खोट्या जाहिरातींना मनाई केली.

पण एवढा खटाटोप कशासाठी? तर हॉलिवूडने १९३० मध्ये स्वतःसाठी नियमावली केली होती, हेज कोड. १९३४ पासून ती कडक झाली. पडद्यावर नग्नता नको. पण 'हे शैक्षणिक आहे, परमुलखातलं खरं जीवन आहे' म्हटलं की जरा कानाडोळा. पुढे तर कोडमध्येच तसा अपवाद लिहिला गेला. आमच्या भाषेत सांगायचं तर व्हॅलिडेशनमध्ये राहिलेलं भोक. देशाच्या रकान्यात 'परका' भरलं की फॉर्म सबमिट! गोऱ्या बाईचं शरीर म्हणजे अश्लीलता, सावळ्या बाईचं म्हणजे भूगोल.

मग बालीचा नंबर लागला. १९३२ मध्ये 'गूना गूना' आणि 'व्हर्जिन्स ऑफ बाली', १९३५ मध्ये 'लेगाँग'. 'गूना गूना' या शब्दाचा मूळ अर्थ जादूटोणा, वशीकरण. पण सिनेमाच्या धंद्यात अशा सगळ्याच फिल्म्सना ते नाव पडलं. इथली फसवणूक जरा वेगळी होती. बेट खरं, बायका खऱ्या, नाचही खरा. उघड्या अंगाने बाजारात जाणं हा तिथला तेव्हाचा रोजचा पेहराव. खोटी होती ती बघणाऱ्याची नजर. ज्या बेटावर १९०६ आणि १९०८ मध्ये डच बंदुकांसमोर राजघराणी आपल्या माणसांसकट मरायला चालत गेली, त्याला या फिल्म्सनी निरागस नंदनवन करून टाकलं.

'लेगाँग' मी गेल्या शनिवारी पाहिला. दोन रंगांचं जुनं टेक्निकलर, आणि नाच खरंच सुंदर. आता कबूल करतो... मीही तो 'इतिहासाचा अभ्यास' म्हणूनच लावला होता. वीसेक मिनिटांनी लक्षात आलं, की १९३५ चा प्रेक्षकही नेमकं हेच स्वतःला सांगून तिकीट काढत होता. मधे इतकी वर्षं गेली, आणि बहाणा तोच!

आज त्या काळच्या नाचाची नोंद म्हणून ही फिल्म मोलाची आहेच, जपायलाही हवी. पण बाजारातून जाता जाता कॅमेऱ्यात सापडलेल्या त्या बाईला कुणी सांगितलं असेल का, की बाई गं, तुझं हे चित्र न्यूयॉर्कमध्ये कशासाठी विकलं जाणार आहे?

असो. पुढच्या ट्रेकला पाड्यावरच्या पाणी भरणाऱ्या आजींवर कॅमेरा रोखायच्या आधी मी विचारणार आहे. नाही म्हणाल्या तर कॅमेरा परत सॅकमध्ये.