उन्हाचे बळी कसे मोजले?

मे २०१० मध्ये अहमदाबादेत पारा ४६.८ अंश सेल्सिअसपर्यंत चढला. त्या महिन्यात शहरात ४,४६२ मृत्यू झाले. त्यांतले उन्हामुळे किती? मृत्यूच्या दाखल्यांवरून याचे उत्तर मिळत नाही. उन्हाने हृदयावर ताण पडतो, शरीरातले पाणी कमी होऊन मूत्रपिंडे निकामी होतात. दाखल्यावर हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार लिहिला जातो, ऊन नव्हे.

संशोधकांनी मग साधी वजाबाकी केली. मे २००९ आणि मे २०११ मधील मृत्यूंची सरासरी ३,११८ होती. म्हणजे २०१० च्या मे महिन्यात १,३४४ मृत्यू जादा झाले. अलीकडचे आणि पलीकडचे अशी दोन्ही वर्षे का घेतली असतील? वाढत्या शहरात मृत्यूही दरवर्षी थोडे वाढतात. मागचे एकच वर्ष धरले तर ती वाढही उन्हाच्या नावावर जमा होईल. हा प्रश्न वर्गात जरूर विचारावा.

२०१३ मध्ये अहमदाबाद महानगरपालिकेने गांधीनगरच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेच्या आणि इतर संशोधकांच्या मदतीने उष्णता कृती आराखडा तयार केला. दक्षिण आशियातील असा हा पहिला आराखडा. हवामानाचा आगाऊ अंदाज पाहून इशारा द्यायचा. ४५ अंश आणि त्यापुढे लाल इशारा. इशारा मिळाला की पाणपोया वाढवायच्या, दवाखान्यांनी तयारीत राहायचे, लोकांना सावध करायचे. तेथील एका रुग्णालयात प्रसूती कक्ष वरच्या मजल्यावरून खाली आणला, तेव्हा उन्हाने आजारी पडणारी बालके कमी झाली. छत तापते, त्याखालची खोली तापते, एवढेच त्यामागचे विज्ञान.

आराखड्याचा उपयोग झाला का? २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज असा, की वर्षाला सरासरी १,१९० मृत्यू टळले. मात्र त्याच अभ्यासाने दिलेली मर्यादा १६२ ते २,२१८ एवढी रुंद आहे. फायदा झाला असे आम्ही म्हणू, पण नेमका आकडा छातीठोकपणे सांगणार नाही.

पुढे नागपूरसह अनेक शहरांनी असे आराखडे केले. तरीही रोजंदारीवरच्या मजुराला इशारा कळला, तरी काम सोडून सावलीत बसणे परवडत नाही. बुडालेली मजुरी कोणी भरून द्यायची, हे थर्मामीटर सांगत नाही. ते आपल्यालाच ठरवावे लागेल.