पाणी आधी की बातमी आधी?

आमच्या आजीला पाऊस आवडत नाही. जुलै उजाडला की ती पेपरात सगळ्यात आधी धरणांचे आकडे बघते. खडकवासला किती टक्के, पानशेत किती टक्के. मला ते म्हातारपणाचं वेड वाटायचं. २०२४ च्या जुलैपर्यंत वाटायचं.

१२ जुलै १९६१ ला आजी अकरा वर्षांची होती. नारायण पेठेत, नदीपासून हाकेच्या अंतरावरच्या वाड्यात, तळमजल्यावर दोन खोल्या. ती सांगते, सकाळीच कुणीतरी ओरडत गेलं की पानशेत फुटलं. तिचे वडील दाढी करत होते. ते म्हणाले, "पानशेत कुठे, पुणं कुठे!" आणि दाढी पुरी केली. आळीतली पोरं पूर बघायला लकडी पुलाकडे पळाली. आजीलाही जायचं होतं, आईने जाऊ दिलं नाही.

हे सगळं मी कितीतरी वेळा ऐकलं होतं. पण अलीकडे मी त्या दिवसाचा हिशेब घड्याळाप्रमाणे मांडायला बसलो, तेव्हा जाणवलं की आजीच्या गोष्टीतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे वडिलांची ती दाढी. वडिलांकडे वेळ होता.

पानशेतचं धरण आंबी नदीवरचं, मातीचं. काम पुरतं संपलेलं नव्हतं, तरी त्या पावसाळ्यात त्यात पाणी साठलं. पाणी सोडण्यासाठी बांधाच्या तळातून मोरी काढली होती, तिच्या दारांचं काम अर्धवट होतं. पाणी त्यातून धडका देत जाऊ लागलं आणि मोरीवरचा बांध खचत चालला. ११ जुलैच्या रात्री लष्कराचे जवान खचणाऱ्या बांधावर वाळूची पोती रचत होते. त्यांनी धरण वाचवलं नाही, ते वाचणारही नव्हतं. त्यांनी रात्र काढून दिली. बांध फुटला तो सकाळी. लोंढा खडकवासल्याच्या जुन्या, १८७९ सालच्या दगडी धरणावर आदळला, मग तेही फुटलं. पुण्यात पाण्याने कळस गाठला तो दुपारी. पूल पाण्याखाली गेले, पेठांमधले मातीचे वाडे विरघळल्यासारखे बसले.

मृतांच्या आकड्यावर आजही एकमत नाही, साधारण हजारापर्यंतचे अंदाज सांगितले जातात. चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाचे पहिले अध्यक्ष न्या. बावडेकर यांनी काम चालू असतानाच आत्महत्या केली, पुढे न्या. नाईक यांनी ते पूर्ण केलं. दोन्ही धरणं पुन्हा बांधली गेली. बेघर झालेल्यांसाठी गोखलेनगर, लोकमान्यनगर अशा वसाहती उभ्या राहिल्या. पण एवढ्या मोठ्या शहरावर एवढं पाणी आलं, त्या मानाने कितीतरी लोक जगले, ते उजेड होता म्हणून. याच्या उलट उदाहरण आपल्या पिढीने पाहिलंय. २ जुलै २०१९ ला चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं ते रात्री, माणसं घरात असताना. धरण पानशेतच्या मानाने अगदीच लहान, वस्तीही लहान. तरी वीसच्या आसपास माणसं गेली.

म्हणजे पुरात किती माणसं मरतील हे फक्त पाणी ठरवत नाही. पाणी आणि बातमी यांची शर्यत असते. माझं रोजचं काम अलर्ट पाठवणाऱ्या सिस्टीमचं आहे. सर्व्हर पडायला आला की कुणाला तरी मध्यरात्री उठवायचं, हा आमचा धंदा. त्यामुळे मला आधी वाटलं, हा सरळ वेगाचा प्रश्न आहे. १९६१ मध्ये मोबाइल असते तर संपलं असतं.

पण आजीच्या वडिलांना बातमी मिळाली होती. त्यांनी ती मानली नाही.

घर सोडलं ते नंतर, वेगळ्याच कारणाने. आजीच्या घरी भांडी घासायला येणाऱ्या बाई पुलाच्या वाडीत, म्हणजे लकडी पुलापलीकडे अगदी नदीला लागून राहायच्या. त्या कामाची वेळ नसताना धावत आल्या. लुगडं कंबरेपर्यंत भिजलेलं. म्हणाल्या, "वहिनी, आमच्या घरात पाणी आलं, पोरांना घेऊन निघा." तेवढं पुरलं. वडिलांनी कपाटातले कागद घेतले, आईने देव घेतले आणि सगळे पर्वतीकडे चालू लागले. संध्याकाळी वाडा राहिला नव्हता.

यात मला दोन गोष्टी दिसतात. पहिली, माणूस आकड्यावर हलत नाही, ओळखीच्या माणसावर हलतो. दुसरी माझी मलाच सुचली नाही. मी आजीला विचारलं, त्या बाईंचं पुढे काय झालं? ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्या परत वाडीकडे गेल्या. नंतर आमच्याकडे आल्या नाहीत. कुणी चौकशी केली का, मला आठवत नाही रे."

जगात या शर्यतीचा सगळ्यात मोठा धडा बंगालच्या उपसागराच्या काठावर लिहिला गेला. तिथला पूर समुद्राचा, वादळाने किनाऱ्यावर ढकललेला. १२ नोव्हेंबर १९७० च्या रात्री भोला चक्रीवादळाने आजच्या बांगलादेशात किमान तीन लाख माणसं नेली. वादळ येतंय हे हवामान खात्याला ठाऊक होतं, रेडिओवर सूचनाही होत्या. बेटांवरच्या झोपड्यांपर्यंत त्या पोचल्या नाहीत, आणि पोचल्या तिथे जायचं कुठे याचं उत्तर नव्हतं. १९७२ मध्ये तिथल्या सरकारने रेड क्रॉसबरोबर गावोगावी स्वयंसेवक उभे केले. त्यांच्याकडे हातातला भोंगा, झेंडे, सायरन आणि पायाखालचा रस्ता. तरी १९९१ मध्ये सुमारे १ लाख ३८ हजार माणसं गेली, पुरुषांपेक्षा बायका कितीतरी जास्त. अनोळखी पुरुषांच्या गर्दीत निवाऱ्याला कसं जायचं, गुरं कुणाच्या भरवशावर सोडायची, घर लुटलं गेलं तर, असे प्रश्न होते. मग निवारे वाढले, त्यांत बायकांची आणि गुरांची सोय झाली, स्वयंसेवकांत बायका आल्या. २००७ च्या सिद्र वादळात मृतांचा सरकारी आकडा साडेतीन हजारांच्या आत राहिला. वादळं काही मवाळ झालेली नव्हती. फरक पडला तो दार ठोठावणाऱ्या माणसामुळे, आणि दार उघडल्यावर जायला जागा होती म्हणून.

आपण मात्र पूर म्हटलं की बुडणं एवढंच डोळ्यांसमोर आणतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मुंबईत लोक काच वर केलेल्या, दारं लॉक झालेल्या गाड्यांमध्ये गुदमरून गेले, दरडींखाली गेले. पाणी ओसरल्यावर लेप्टोस्पायरोसिसने गेले. दोन दिवसांनी पसरलेल्या एका अफवेतून चेंगराचेंगरी होऊन गेले. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला तर लोकांना वाचवायला निघालेली बोटच उलटली. प्रत्येक मरणाचा उपाय वेगळा आहे, आणि बहुतेक उपाय साधे आहेत. दोन फूट वाहतं पाणी बहुतेक गाड्या तरंगवतं, तेव्हा गाडी सोडून द्यायची. घरात पाणी शिरण्याआधी मेन स्विच बंद करायचा. बोटीत तिच्या क्षमतेइतकीच माणसं बसवायची.

आता २५ जुलै २०२४. मी सिंहगड रस्त्यावर नदीकडच्या बाजूला, चौथ्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. रात्री सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला की खडकवासल्यातून विसर्ग वाढवणार, इतके इतके क्युसेक. मी तो वाचला आणि ग्रुप म्यूट करून झोपलो. दिवसभर अलर्ट वाचणाऱ्या माणसाला रात्री अजून एक अलर्ट नको असतो. पहाटे विसर्ग सुमारे ३५ हजार क्युसेकपर्यंत गेला. हा आकडा वाचून काही बोध होत नाही, म्हणून नंतर गुणाकार केला. दर सेकंदाला दहा हजार लिटरचे जवळजवळ शंभर टँकर. असं कुणी लिहिलं असतं, किंवा नुसतं 'पहाटे पार्किंगमध्ये कंबरभर पाणी असेल' एवढं लिहिलं असतं, तर?

आमच्या वॉचमनची खोली पार्किंगला लागून होती. नवरा, बायको, दोन मुलं. ते त्या ग्रुपवर नव्हते. मी उठलो तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या मुलांनी त्यांना जिन्यात ओढून घेतलं होतं आणि त्यांची पेटी पार्किंगमध्ये तरंगत होती. कुणी गेलं नाही, यात माझा वाटा शून्य. त्याच पहाटे डेक्कनजवळ तीन जण विजेच्या धक्क्याने गेले. पाणी वाढतंय म्हणून आपला खाण्याचा गाडा हलवत होते. बातमीत जागेचं नाव वाचलं आणि मी फोन खाली ठेवला. पुलाची वाडी.

नकाशावर नदीच्या दोन रेषा असतात. निळी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. त्या रेषांच्या आत कुणाला राहावं लागतं हे पाणी ठरवत नाही. १९६१ मध्ये धोक्याची खबर सगळ्यात खालच्या घरातून वर आली आणि वरच्यांना वाचवून गेली. २०२४ मध्ये खबर वरच्या मजल्यांवर वेळेत होती. ती जिना उतरून खाली गेली नाही.

२०२३ मध्ये आपले सगळ्यांचे फोन चाचणीसाठी एकदम कर्कश वाजले होते, आठवतंय? टॉवरच्या टप्प्यातल्या फोनवर नंबर ठाऊक नसतानाही इशारा पोचवता येतो. ते हवंच. पण त्यापुढचा टप्पा अजून माणसांचाच आहे. आम्ही सोसायटीत तळमजल्यावर झोपणाऱ्या सगळ्यांची यादी केली. वॉचमन, इस्त्रीवाले काका, बाजूच्या बांधकामावरची चार कुटुंबं. प्रत्येक नावापुढे वरच्या मजल्यावरचं एक घर लिहिलं. वॉचमनच्या नावापुढे माझं.

पुढच्या पावसाळ्यात एका रात्री विसर्गाचा मेसेज आला. साडेअकराला खाली गेलो, दार वाजवलं, चौघांना घेऊन वर आलो. मुलं हॉलमध्ये गादीवर झोपली. पाणी आलंच नाही. सकाळी वॉचमन संकोचून म्हणाला, "सर, उगाच तुमची झोप मोडली." मलाही एक क्षण तसंच वाटलं.

आजीला फोन करून सांगितलं. तिने विचारलं, "परत मेसेज आला तर जाशील ना?"