गाडी थांबवा, खाली उतरा, रूळ बघा

ट्रेन बाजूला वळू शकत नाही आणि ब्रेक मारला तरी पटकन थांबत नाही. त्यामुळे रेल्वे फाटकावर ट्रक आणि ट्रेन एकमेकांना भिडले, की पहिलं बोट ट्रकवाल्याकडे जातं. "दिसत नव्हतं का?" हा प्रश्न आपणही बातमी वाचता वाचता विचारून टाकतो. याच प्रश्नावर अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने सात वर्षांत दोन वेगवेगळी उत्तरं दिली. त्यातलं तिथे मागे पडलेलं उत्तर आपल्याकडे मात्र कायद्यात जाऊन बसलं.

पहिला खटला गुडमन नावाच्या माणसाचा, निकाल १९२७चा. ओहायो राज्यात तो दिवसाउजेडी, ओळखीच्या क्रॉसिंगवरून ट्रक नेत होता. वेग त्याने आधीच ताशी आठ-दहा किलोमीटरवर आणला होता. पण रुळाशेजारी रेल्वेचीच एक खोली होती. तिच्या आडोशामुळे रुळांपासून वीसेक फुटांवर येईपर्यंत ट्रेन दिसणं अवघड होतं. ट्रेन ताशी किमान ९५ किलोमीटरने आली आणि तो जागीच गेला. त्याच्या विधवा पत्नीने भरपाई मागितली. ज्युरीने तिच्या बाजूने कौल दिला.

सुप्रीम कोर्टात तो फिरला. न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स यांचं म्हणणं सरळ होतं: ट्रेन आपल्यासाठी थांबणार नाही, हे चालकाला माहीत असतं. बसल्या जागेवरून खात्री होत नसेल, तर त्याने थांबावं, गरज पडली तर खाली उतरून बघावं. न बघता पुढे गेला, तर जोखीम त्याची. शिवाय इतका स्पष्ट नियम कोर्टानेच एकदा ठरवून टाकावा, दरवेळी ज्युरीवर सोडू नये, असंही त्यांनी सांगितलं. त्या काळी मृताची स्वतःची चूक सिद्ध झाली, की भरपाईचा दावा सहसा पूर्णच बुडत असे. पत्नीच्या हाती काही आलं नाही.

१९३२मध्ये होम्स निवृत्त झाले आणि त्यांच्याच खुर्चीवर बेंजामिन कार्डोझो आले. दोन वर्षांत त्यांच्यासमोर पोकोरा नावाच्या बर्फविक्याचा खटला उभा राहिला. गाव इलिनॉय राज्यातलं स्प्रिंगफील्ड. पहिल्या रुळावर मालडबे उभे होते, पलीकडचं काही दिसत नव्हतं. पोकोराने ट्रक थांबवला, पाहिलं, कान दिले. घंटा नाही, शिट्टी नाही. तो हळूहळू पुढे सरकला आणि मुख्य रुळावर ट्रेनने त्याला उडवलं. तो वाचला, पण खालच्या कोर्टांनी होम्स यांच्या नियमावर बोट ठेवलं: खाली उतरला नाहीस, विषय संपला.

कार्डोझो यांनी मग त्या नियमाची प्रत्यक्षात चाचणी घेतल्यासारखा विचार केला. चालक उतरणार, डब्यांना वळसा घालून पुढे जाणार, रूळ बघणार, परत येऊन ट्रक सुरू करणार. तेवढ्या वेळात ट्रेन येऊ शकते, मग आधी बघितल्याचा उपयोग काय? शिवाय मध्येच रुळांवर चालत जाणं हाही धोकाच. सर्वसाधारण चालक असं करतही नाही. त्यामुळे पोकोरा निष्काळजी होता की नाही, हे ज्युरीने जागेची परिस्थिती बघून ठरवावं, असा निकाल १९३४मध्ये लागला. होम्स यांचा नियम तिथे मागे पडला.

आता आपला मोटार वाहन कायदा, १९८८, कलम १३१ बघा. बिनपहाऱ्याच्या क्रॉसिंगवर चालकाने गाडी थांबवायची. कंडक्टर, क्लिनर किंवा गाडीतल्या कुणाला तरी रुळापर्यंत पाठवायचं. दोन्ही बाजूंनी ट्रेन येत नाही याची खात्री करून त्या माणसाने गाडी पलीकडे न्यायला लावायची. सोबत कुणी नसेल, तर चालकाने स्वतः उतरायचं. म्हणजे होम्स यांचाच नियम! रेल्वे कायद्यात, १९८९च्या, अशा क्रॉसिंगवर निष्काळजीपणे गाडी घातल्यास एक वर्षापर्यंत कैदही आहे.

पण मागच्या सीटवर बसलेल्यांचं काय? केरळमध्ये १९७९ साली अशाच एका क्रॉसिंगवर एक्स्प्रेसने प्रवासी वाहनाला धडक दिली. चालक आणि ४० प्रवासी गेले. भरपाई कुणी द्यायची, हा वाद १९९७मध्ये आपल्या सुप्रीम कोर्टापर्यंत आला. कोर्टाने म्हटलं, चालक चुकला म्हणून रेल्वेची जबाबदारी संपत नाही. धोकादायक क्रॉसिंगवर काळजी घेणं हे तिचंही कर्तव्य आहे. आणि चालकाची चूक प्रवाशांच्या माथी मारता येणार नाही. स्टिअरिंग त्यांच्या हातात नव्हतं.

कागदावर हे झालं, तरी क्रॉसिंग तशीच होती. २०१८मध्ये उत्तर प्रदेशात कुशीनगरला शाळेच्या व्हॅनमधली १३ मुलं गेली. चालकाच्या कानात इअरफोन होते, अशा बातम्या आल्या आणि चर्चा बराचसा वेळ तिथेच घुटमळली. ते क्रॉसिंग उघडं होतं, ही गोष्ट मागे पडली. त्यानंतर मात्र कामाला वेग आला. कुठे भुयारी रस्ता, कुठे पूल, कुठे गेटमन, असं करत जानेवारी २०१९अखेर ब्रॉडगेजवरची सगळी मानवरहित क्रॉसिंग संपली.

बंद फाटकाखालून स्कूटर तिरकी करून काढणाऱ्याला होम्स यांचं बोलणं आजही लागू आहे. पण व्हॅनमधल्या मुलांना चालकाच्या शिक्षेने वाचवलं नसतं. त्यांच्यासाठी तिथे फाटक हवं होतं, आणि ते बसवणं चालकाच्या हातात नव्हतं.