टायर : ऋतुमानानुसार निवड

मोटारगाडी ज्या प्रदेशात चालवावयाची, तेथील तापमान, पर्जन्य व रस्त्याचा पृष्ठभाग लक्षात घेऊन टायरांचे रबर आणि नक्षी ठरविण्याची पद्धती. शीत प्रदेशांत या पद्धतीतून ‘हिवाळी टायर’ हा स्वतंत्र प्रकार निर्माण झाला. महाराष्ट्रात कसोटीचा ऋतू हिवाळा नसून पावसाळा होय. त्यामुळे येथील निवडीचे निकष वेगळे पडतात.

पूर्वेतिहास : बैलगाडीच्या लाकडी चाकावर बसविलेली लोखंडी धाव हे टायराचे जुने रूप होय. धाव तापवून प्रसरण पावल्यावर चाकावर चढवीत आणि पाण्याने थंड करीत. आकुंचन पावताना ती तुंबा, आरे व परीघ यांना घट्ट आवळून धरी. धावेमुळे चाकाची झीज थांबे. परंतु तिला लवचिकपणा नसल्याने रस्त्याचे हादरे थेट गाडीला बसत व अरुंद धाव मऊ जमिनीत रुतत असे.

रबराचे व्हल्कनीकरण साध्य झाल्यावर (चार्ल्स गुडइयर यांचे एकस्व, १८४४) लवचिक टायर शक्य झाला. रॉबर्ट टॉमसन यांनी १८४५ मध्ये वातभरित टायराचे एकस्व घेतले. तथापि तो प्रचारात आला नाही. जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८८ मध्ये बेलफास्ट येथे सायकलीसाठी तो पुन्हा सिद्ध केला. त्याच वर्षी लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी बेळगाव येथे सायकलींचे दुकान सुरू केले. पुढे १९१० मध्ये सांगली भागात किर्लोस्करवाडी वसविणाऱ्या या उद्योगाचा आरंभ असा चाकाशी निगडित आहे. भारतात डनलॉप कंपनीचा कारखाना १९३६ मध्ये बंगालमधील साहागंज येथे उभा राहिला, तर मुंबईत सिएट टायर्स ही कंपनी १९५८ मध्ये स्थापन झाली. वातभरित टायर पुढे बैलगाडीलाही लाभला आणि कृष्णाकाठच्या ऊस वाहतुकीत धावेची जागा त्याने बव्हंशी घेतली.

हिवाळी टायराचा उदय : आरंभीच्या मोटारींचे टायर गुळगुळीत असत व ओल्या रस्त्यावर ते घसरत. जर्मनीतील काँटिनेंटल कंपनीने १९०४ मध्ये नक्षीदार टायर बाजारात आणला. फिनलंडमध्ये १९३४ साली मालमोटारींसाठी खास हिवाळी टायर तयार झाला आणि दोन वर्षांनी मोटारगाड्यांसाठीही तसा टायर निघाला. पुढे टायरात धातूच्या खुंट्या बसविण्याची पद्धत पसरली. खुंट्यांमुळे बर्फावर पकड मिळे. परंतु उघड्या रस्त्याचा पृष्ठभाग खरवडला जाई. पश्चिम जर्मनीने १९७५ मध्ये त्यांवर बंदी घातली, तर जपानने रस्त्यांवरील धुळीचा उपद्रव रोखण्यासाठी १९९० मध्ये कायदा केला. खुंट्यांविना पकड मिळविण्यासाठी मऊ रबर व नक्षीतील असंख्य बारीक चिरा यांवर भर देण्यात आला. टायरावरील तीन शिखरांचा पर्वत व हिमकण ही खूण बर्फावरील चाचणीत टायर उतरल्याचे दर्शविते. केवळ ‘एम+एस’ (चिखल व बर्फ) ही अक्षरे तशी हमी देत नाहीत.

कार्यतत्त्व : तापमान उतरते तसे रबर कडक होते व रस्त्याच्या सूक्ष्म उंचसखलपणाशी जुळवून घेऊ शकत नाही. सामान्यतः ७° से.च्या खाली उन्हाळी टायराची पकड लक्षणीय कमी होते. म्हणून हिवाळी टायराचे रबर थंडीतही मऊ राहील असे बनवितात. हाच गुण उष्ण रस्त्यावर दोष ठरतो : रबर अधिक मऊ होऊन लवकर झिजते, नक्षीचे ठोकळे वाकतात आणि गाडी थांबण्यास अधिक अंतर लागते. पाण्यात कार्य वेगळे असते. नक्षीतील खोल चरांनी पाणी बाजूस सारले नाही, तर टायर व रस्ता यांमध्ये पाण्याचा थर साचून चाक तरंगू लागते. अशा वेळी सुकाणू व गतिरोधक दोन्ही निष्प्रभ होतात.

मलकापूर परिसर : सातारा जिल्ह्यातील कराडलगतचे मलकापूर पुणे–बंगळूर महामार्गावर आहे. येथे हिवाळ्यात पहाटे गारठा असला, तरी दुपारी ऊन प्रखर असते. त्यामुळे परदेशी हिवाळी टायर येथे निरुपयोगी, किंबहुना घातक ठरतो. परंतु येथून पश्चिमेस चिपळूणकडे जाणारी गाडी पाटणमार्गे साठ किमी.च्या आत कोयनानगरच्या अतिवृष्टीच्या पट्ट्यात शिरते आणि पुढे कुंभार्ली घाट उतरते. उत्तरेस खंबाटकी घाट आहे. एकाच प्रवासात कोरडा महामार्ग, वाहते पाणी, दाट धुके व तीव्र उतार यांना तोंड द्यावे लागते. गळीत हंगामात शेतातून येणाऱ्या ट्रॅक्टर व बैलगाड्यांच्या चाकांचा चिखल डांबरावर पसरतो. त्यावर पाण्याचा शिडकावा झाल्यास रस्ता निसरडा होतो.

निवडीचे निकष : या भागासाठी रुंद व खोल चर असलेला, ओल्या पृष्ठभागावर चांगली पकड देणारा सामान्य अरीय टायर योग्य होय. मोटारगाडीच्या टायराच्या नक्षीची खोली किमान १·६ मिमी. असावी, असे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये विहित केले आहे. ही कायद्याची किमान मर्यादा असून ती सुरक्षिततेची हमी नव्हे. पावसात टायराची कार्यक्षमता त्यापूर्वीच ढासळत असल्याने ३ मिमी. खोली उरताच पावसाळ्याआधी टायर बदलणे इष्ट असते. टायराच्या कडेवरील चार आकडी संख्या निर्मितीचा आठवडा व वर्ष दाखविते (उदा., २३२१ म्हणजे २०२१ सालचा २३ वा आठवडा). न वापरलेले रबरही कालांतराने कडक होते. म्हणून केवळ नक्षी शाबूत आहे यावर विसंबू नये. दोनच नवे टायर घ्यावयाचे असल्यास ते मागील चाकांना बसवावेत. कारण पुढील चाके घसरू लागल्याचे चालकास सुकाणूवर जाणवते, मागील चाके घसरल्यास मात्र गाडी गर्रकन फिरते. हवेचा दाब टायर थंड असताना, उत्पादकाने सांगितल्याप्रमाणे राखावा. कमी दाबाच्या टायराच्या कडा वारंवार दुमडून उष्णता वाढते व तो उन्हाळ्यात भर वेगात फुटण्याचा संभव असतो.

रस्त्याला टेकलेला प्रत्येक टायराचा भाग साधारण तळहाताएवढाच असतो. गाडीचे सर्व नियंत्रण या चार ठिकाणी एकवटलेले असल्याने किंमत किंवा दिखाऊपणा यांपेक्षा आपला नित्याचा मार्ग व त्यावरील सर्वांत कठीण ऋतू हीच निवडीची खरी कसोटी मानली पाहिजे.